झाकणाची खूण

आई तीन महिने अंथरुणाला खिळली आहे. हूं नाही की चूं नाही. उजवा हात तेवढा चालतो, तोही घास भरवताना मध्ये येण्यापुरता. दादा म्हणतो, तिला आता काही कळत नाही, वृद्धाश्रमात ठेवू. बोलणं मऊ, पण तिथला फॉर्म आधीच खिशात. गोगलगाय अन् पोटात पाय.

गोगलगायींना मी का नावं ठेवू म्हणा, आमची चूल त्यांच्यावरच पेटते. तळ्याच्या काठाला, कमळाच्या देठांवर, कुजक्या पानांखाली त्या सापडतात. आणायच्या, तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, पोटातला चिखल ओकू द्यायचा. मग शिजवण्याआधी निवडायच्या. ते आईचं काम. शंखाच्या तोंडावरचं झाकण अंगठ्याने दाबायचं. जिवंत असेल ती अंग आत ओढते, ती उजवीकडे पातेल्यात. मेलेली ढिम्म हलत नाही, ती डावीकडे डब्यात. एक जरी मेलेली गेली तरी सगळं पातेलं नासतं. चाळीस वर्षांत आईचा अंगठा चुकला नाही.

रविवारी दादा माझी सही घ्यायला आला. मी आईच्या उजवीकडे पातेलं ठेवलं, डावीकडे डबा, आणि तिच्या हातात एक गोगलगाय दिली.

"हे काय खूळ?" दादा म्हणाला.

"गप बस जरा."

आईची नजर छतालाच होती. अंगठा मात्र सरकला. दाबलं, थांबली, उजवीकडे टाकली. दुसरीही उजवीकडे. तिसरी मी मुद्दाम मेलेली दिली. ती डब्यात गेली. दादाने वाकून डब्यात पाहिलं.

मग मला हाव सुटली. मी माझं बोट तिच्या हातात दिलं. तिने अंगठा ठेवला, दाबला, वाट पाहिली. तीन महिने माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही. वाटलं, आता तरी आत काही हलेल. बोट तसंच राहिलं. तिने माझा हात डावीकडे डब्यात टाकला.

"बघ," दादा हळूच म्हणाला, "तुला नाही ओळखलं."

"ओळखलं की," मी म्हटलं. त्याच्याकडून फॉर्म घेतला आणि डब्यात टाकला. "ती इथेच राहील."

आईचा हात अजून उघडाच होता. मी पुढची गोगलगाय दिली.