डावीकडची अक्षरं

मशीन बिघडलंय असं पेंटरनं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोनं मनातल्या मनात म्हटलं, बिघडू दे बापडं. मशीन बिघडलं तर दुरुस्त करता येतं.

पेंटर हा आता नावाचाच पेंटर होता. कधी काळी तो शिडीवर चढून ब्रशनं पाट्या रंगवायचा. मग कॉम्प्युटर आला, व्हिनाइलचे, म्हणजे रंगीत चिकट प्लास्टिकचे, रोल आले, अक्षरं कापणारं मशीन आलं, आणि ब्रश डब्यात वाळून गेले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. गल्लीत त्याच्या बायकोलाही सगळे पेंटरीणबाई म्हणत. तिनं उभ्या जन्मात रंगाच्या डब्याला हात लावला नव्हता, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराजवळ तिचा कॉम्प्युटर, मधे काच लावलेलं मोठं टेबल, आणि मागच्या बाजूला मशीन. अक्षरं कॉम्प्युटरवर मांडायची ती, रोल लावून कापायचा तो, आणि कापून आलेला तुकडा चिमट्यानं सोलायची पुन्हा ती. सोलणं म्हणजे अक्षर ठेवायचं आणि भोवतीचं नको असलेलं व्हिनाइल ओढून काढायचं. काप नीट असला की ते साल एका दमात निघतं. नसला की अक्षरही सालाबरोबर उठून येतं, आणि सोलणाऱ्याचं डोकंही उठतं.

दोघांचं हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. तिची मशीनकडे पाठ आणि त्याची दाराकडे पाठ, त्यामुळे भांडणंसुद्धा एकमेकांचं तोंड न बघता व्हायची आणि तशीच मिटायची.

मग पेंटरला मेंदूचा झटका आला. लहानसा, असं डॉक्टर म्हणाले. तोंड वाकडं झालं नाही, बोलणं अडखळलं नाही, हातपाय सगळे जागच्या जागी. डॉक्टरांनी त्याला हसायला सांगितलं, तो हसला. दोन्ही हात वर करायला सांगितले, त्यानं केले. बायकोचं नाव विचारलं तेव्हा त्यानं नाव सांगून वर, "विसरायची सोय आहे का?" असंही विचारलं. डॉक्टर खूश झाले. जाताना म्हणाले, काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या.

मुलगी परगावी राहते. ती चार दिवस येऊन राहिली, आणि निघताना आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, बाबांना जमत असेल तर चालवू दे दुकान. पण जमत नसेल तर लपवू नकोस. बंद करा आणि माझ्याकडे या. खोली आहे, खिडकी आहे, आरामखुर्ची टाकते त्यांच्यासाठी."

हे पेंटरच्या कानावर गेलंच. त्या रात्री तो नीट जेवला नाही. म्हणाला, "खुर्चीत बसून मी काय करू? माशा मारू? मला मशीनपाशी उभं राहू दे. तेवढं काढून घेतलंस तर माझ्यात राहिलं काय?"  लपवणार नाही असा बायकोनं मुलीला शब्द दिला होता, आणि नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर होता. दोन्हीच्या कात्रीत सापडलेल्या माणसानं करावं ते तिनं केलं. काम नीट निघतंय ना, एवढ्यावर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागली.

आणि काम नीट निघेना.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या गाड्यांच्या दारांवर लावायची अक्षरं होती. पेंटरनं तुकडा कापून आणून दिला, ती सोलायला बसली. उजवीकडची अक्षरं लोण्यासारखी सुटली. मधली बरी होती. डावीकडे आली तर रेघा लाटेसारख्या, सुरुवात आणि शेवट जुळेना, कुठे काप खालच्या कागदापर्यंत गेलेला तर कुठे नुसता ओरखडा.

"अहो, हे बघा जरा."

तो आला, वाकला. "छान आलंय की."

"छान? डोळे कुठे ठेवलेत?"

"कुठे वाईट आहे ते दाखव ना. मला तर नाही दिसत."

तिनं वैतागून तुकडा फिरवून त्याच्या नाकासमोर धरला. तेव्हा कुठे त्याला दिसलं. चेहरा पडला त्याचा. त्यानं अंगठ्याच्या नखानं ती वाकडी रेघ चाचपली आणि म्हणाला, "मशीन गेलं."

तिथून खापर फुटलं ते मशीनवर. आधी ब्लेडवर आळ आला. बोथट झालं असेल म्हणून नवीन बसवलं. डावी अक्षरं तशीच. मग ब्लेड जास्त बाहेर आलंय का ते बघून झालं, दाब कमी करून झाला, वाढवून झाला, वेग इतका कमी केला की मशीन जांभया देत चालल्यासारखं वाटायला लागलं. उजवीकडे सोनं, डावीकडे माती. ती स्वतः मशीनजवळ जाऊन ब्लेडवर नजर लावून उभी राहिली, पण मशीनचं डावं टोक कपाटाच्या अगदी जवळ, तिथे उजेड कमी, आणि बघायचं ते ब्लेडकडे असाच तिचा समज.

शेवटी हात टेकून तिनं मेकॅनिकला बोलावलं. हा मेकॅनिक म्हणजे बडबड्या माणूस, स्क्रू काढताना स्क्रूशीही बोलणारा. त्यानं ब्लेडखालची पांढरी पट्टी बघितली. "वहिनी, ही झिजलीय. वर्षानुवर्षं हिच्यावरून ब्लेड फिरलं, हिला चर पडलेत. ब्लेड चरात गेलं की काप बिघडणारच." पट्टी बदलली. रोल त्यानं स्वतः लावला, कापून दाखवलं. डावं, मधलं, उजवं, सगळं एकसारखं. पेंटर लहान मुलासारखा हसला. "म्हटलं होतं ना मी? मशीनच."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. खरंच टाकला. संध्याकाळी मुलीशी फोनवर बोलताना तिच्या आवाजात इतका उत्साह होता की मुलीनं विचारलं, "लॉटरी लागली काय गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडची अक्षरं पुन्हा वाकडी.

आता पेंटर चिडला. मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तिनं पुन्हा फोन केला, मेकॅनिक पुन्हा आला, रोल लावला, कापलं. काप असा, की साल एका ओढीत हातात. तो डोकं खाजवत म्हणाला, "माझ्यासमोर हे शहाण्यासारखं वागतं, वहिनी. सासरची माणसं आली की सून वागते ना, तसं."

ती हसली नाही. तिच्या मनात काहीतरी सरकलं होतं, आणि ते काय आहे हे बघायची तिला भीती वाटत होती. मेकॅनिकनं लावलं की बरोबर. यांनी लावलं की चूक. एवढं साधं गणित इतके दिवस तिनं मांडलं कसं नाही? की मांडायचंच नव्हतं?

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही जरा हात मागे बांधून उभे राहा. रोल यांना लावू द्या."

पेंटरला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट हुरूपच आला. ती मशीनच्या समोर जाऊन उभी राहिली, टेबलाच्या पलीकडे, जिथून दोन्ही टोकं दिसतात अशा जागी. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला काम करताना नीट बघत होती.

किती सफाईनं करत होता तो. रोलची कड ओढली, दोन बोटांनी सारखी केली, मशीनखालून पुढे घेतली. व्हिनाइल धरून ठेवायला तीन रबरी चाकं असतात, आणि प्रत्येकाला एक खटका. खटका खाली दाबला की चाक व्हिनाइलवर बसतं आणि ते हलू देत नाही. त्यानं उजवा खटका दाबला, मधला दाबला, आणि हात झटकून म्हणाला, "झालं. चालू कर."

डावा खटका वरच होता.

मेकॅनिकलाही ते दिसलं. त्याचा हात आपोआप खटक्याकडे गेला. तिनं टेबलावरून वाकून त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तो बघतच राहिला.

"अहो," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला फार जड गेलं. "सगळे खटके दाबलेत?"

"दाबले की."

"डावा?"

"अगं, दाबले म्हटलं ना सगळे. आज काय मी नवीन करतोय हे?" त्यानं मशीनकडे पाहिलं. उजव्या टोकापासून मध्यापर्यंत त्याची नजर आली आणि तिथेच थांबली. तिथे जग संपत असावं तशी थांबली. मग तो तिच्याकडे बघून समाधानानं हसला.

 झटक्यानंतरची एकेक गोष्ट तिच्यासमोर यायला लागली. ताटाच्या डाव्या बाजूचं अन्न रोज उरायचं, आणि ती म्हणायची, आवडत नाही तर सांगा, असं वाळीत टाकू नका. डाव्या गालावर खुंट राहायचे, तर ती म्हणायची, अर्धी दाढी कुणासाठी राखलीत? दाराची डावी चौकट त्याच्या खांद्याला लागायची, तेव्हा ती चौकटीलाच दटावायची, आणि तो हसायचा. सगळी थट्टाच केली होती तिनं. डॉक्टरांनी हसून दाखवायला सांगितलं होतं, हात वर करायला सांगितलं होतं. रोल लावून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं.

 मेकॅनिकनं खिशातून पाना काढला, डाव्या टोकाशी बसला, उगाच काहीतरी फिरवलं आणि हळूच खटका खाली दाबला. "स्प्रिंग सैल होती, पेंटर," तो मान वर न करता म्हणाला. "आवळलीय."

"तरीच," पेंटर म्हणाला.

 मेकॅनिक चहा प्यायलाही थांबला नाही.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. ड्रायव्हिंगवाल्याचं काम पडद्यावर उघडंच होतं. तिला रडू येत होतं, पण रडून भागणार नव्हतं. विचार करता करता तिला एक वाट दिसली. अगदी सोपी. एक खटकाच दाबायचा आहे ना? मग मी दाबीन. तो रोल लावेल, मी डावीकडे जाऊन उभी राहीन, खटका दाबीन. रोज. जन्मभर. डॉक्टरांना सांगायला नको, मुलीला सांगायला नको. त्याला तर नकोच नको. काम नीट निघेल, आणि काम नीट निघालं तर कोण काय म्हणणार आहे? इतका संसार केला, त्यात एक खटका काय जड आहे? असं ठरलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"लावा रोल," ती म्हणाली. "दारांची अक्षरं कापून टाकू."

त्यानं रोल लावला. ती उठून कपाटाच्या आणि मशीनच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरली, त्याच्या डाव्या खांद्याला अगदी लागून. त्यानं उजवा खटका दाबला, मधला दाबला. तिनं डावा दाबला. बटण त्यानंच दाबलं. मशीन सुरू झालं, ब्लेड इकडून तिकडे धावू लागलं, व्हिनाइल मागेपुढे सरकू लागलं, आणि काप सरळ पडत गेला. ती श्वास रोखून बघत होती.

मशीन थांबलं. त्यानं तुकडा बाहेर काढला, नीट दिसावा म्हणून आडवा फिरवला आणि इतके दिवस हात न लावलेला चिमटा घेऊन स्वतःच एक कोपरा उचलला. साल सळसळत निघून आलं. एकही अक्षर हललं नाही. त्याचे डोळे भरून आले.

"अगं, बघ," तो म्हणाला. "बघ कसं आलंय. मी सांगत होतो ना, माझ्यात काही नाही, मशीनच होतं."

तिचा हात अजून खटक्यावरच होता. ती त्या सरळ आलेल्या अक्षरांकडेच बघत होती.

त्यानं मान वळवली, उजवीकडे, तिच्या टेबलाकडे. तिथे कुणी नव्हतं. त्यानं दाराकडे पाहिलं.

"अगं? कुठे गेली ही?"

ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर होती. त्याच्या शर्टाची बाही तिच्या दंडाला घासत होती.

"अगं ए," त्यानं आवाज चढवला. बाहेर गल्लीत गेली असेल असं वाटून तो दाराच्या दिशेनं हाक मारत होता. आवाजात आनंद होता, आणि आता त्यात थोडी भीतीही मिसळली होती. "अगं, ये ना लवकर. हे बघायला तरी ये."

तिनं खटका सोडला. चिंचोळ्या जागेतून बाहेर पडली, त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"ही काय मी."

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. इथेच होते, तुमच्या शेजारी."

"काहीतरीच. मी बघितलं ना," तो म्हणाला. "इथे कुणीच नव्हतं."

तो खोटं बोलत नव्हता. थट्टाही करत नव्हता. कापलेला तुकडा त्यानं तिच्यापुढे धरला होता आणि तिनं शाबास म्हणावं म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"छान आलंय," ती म्हणाली. "फार छान आलंय."

मुलीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. त्या दिवशी तिनं संध्याकाळची वाट पाहिली नाही. पेंटर अक्षरांवर टेप चिकटवत होता. ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिनंच फोन लावला.