अण्णांचं मेडिकल

पलटणीत दरवर्षी मेडिकल व्हायचं. आमचे अण्णा, म्हणजे रिटायर सुभेदार नाथाजी, त्याच्या आधी उपाशी राहत, मैदानाला चकरा मारत आणि पास होत. पेन्शनीत आल्यावरही ती खोड गेली नाही. चौऱ्याहत्तर साली सांगलीच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, तर त्याची तपासणीही अण्णांना मेडिकलच वाटली.

तपासणी जवळ आली की भाकरी बंद, चहा बंद. आष्ट्याहून एसटीनं मी आणि आई त्यांना घेऊन जायचो. निळ्या औषधात लघवी घातलेली नळी डॉक्टर दिव्यावर तापवत. रंग निळाच राही, म्हणजे साखर नाही. अण्णा छाती काढून बाहेर पडत आणि घरी येताच गुऱ्हाळातला गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर खात. सुटलेल्या पोटाला गाव म्हणे, तब्येत सुधारली. बोलून बोलून माझं तोंड दुखलं होतं. खरं सांगते, त्यांची चीड यायची.

मग उजव्या पायाचा अंगठा चिघळला. जखम भरेना, काळी पडली. दुखत नाही म्हणून अण्णा निर्धास्त होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा आई समोर येऊन बसली.

"तुमी जेवल्याबिगर मी पानी बी पिनार न्हाई."

अण्णा कुरकुरत जेवले. सकाळी तिनं रोजचा गुळाचा चहाही पाजला.

दवाखान्यात नळी हिरवी झाली, पिवळी झाली, शेवटी विटेसारखी लाल. आईनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी भडकले, मग दमून खुर्चीत बसले.

"सुभेदार, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण शरीर त्याचा हुकूम मानत नाही."

"मग आवाज चढवायचा."

"वर्षानुवर्षं तेच चाललंय. ओरडून ओरडून इन्सुलिनचाच घसा बसतो. तोवर साखर डोळे, मूत्रपिंडं, हृदय, पायाच्या शिरा, सगळं पोखरते. अंगठा काढावा लागेल. पाऊल वाचवू, पण आता फसवाफसवी नको."

बाहेर बाकावर अण्णा पायाकडे बघत राहिले.

"आगं, नापास केलंस मला."

"आवं, नापास झाल्याला पलटण घरी धाडायची न्हवं?" आईला रडू फुटलं. "मग झालं तर. अंगठा ऱ्हाऊ दे हितं. तुमी तेवढं घरी चला."