चावीची वायर

रत्नदीपच्या जीपमधला अँप्लिफायर घरात वाजवायचा हा हट्ट पारूबाईचा. धोंडिरामला आधी तो निव्वळ खुळेपणा वाटला. एकुलता एक पोरगा गेला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मोडकी जीप भंगारात गेली, आणि ही बाई म्हणते तो स्पीकरचा डबा वाजवा! पण तिचंही खोटं नव्हतं. रत्नदीप जीपमध्ये पॅसेंजर भरून वळसंग ते सोलापूर वडाप करायचा. संध्याकाळी शेवटचं पॅसेंजर उतरवून गाडी सोलापुरातल्या घरच्या गल्लीत वळली की स्पीकरच्या दणक्यानं मांडणीवरची ताटं थरथरायची. ताटं वाजली की पारूबाई तवा ठेवायची. पोरगा हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी त्याच्या पुढ्यात.

आता ताटं मुकी झाली आणि पारूबाईनं अन्न टाकलं. डॉक्टरनं धोंडिरामला बाजूला घेऊन सांगितलं, औषधानं काही होणार नाही, पोटात घास गेला पाहिजे, नाहीतर बाई हातची जाईल. पोरगा गेलाच होता, आता ही पण? धोंडिराम उठला आणि भंगारवाल्याकडून तो अँप्लिफायर आणि स्पीकर शोधून घेऊन आला.

गाडीतला अँप्लिफायर घरच्या लाइटीवर सरळ चालत नाही, लावला तर धूर. त्याला गाडीच्या बॅटरीसारखा बारा व्होल्टचा करंट लागतो. जीपमध्ये तो ज्यानं बसवला होता त्या ताबीशनं जुन्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय काढून दिला. पिवळी वायर इथं, काळी तिथं, असं समजावलं. राहिली तिसरी, चावीची. गाडीला चावी लावली की या वायरीतून करंट जातो आणि मगच अँप्लिफायर जागा होतो. घरात कसली आलीय चावी, ती पण पिवळीलाच जोडून टाका चाचा, असं ताबीशनं दोनदा सांगितलं.

पण ऐकेल तो धोंडिराम कसला! अख्खा जन्म स्टेअरिंगवर गेलेला माणूस. चावीशिवाय चालू होते ती चोरीची गाडी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. जीप भंगारात देताना त्यानं चावीचा स्विच तेवढा काढून ठेवला होता, रत्नदीपच्या चावीसकट. तो एका फळीवर बसवला आणि चावीची वायर त्यातूनच नेली. ताबीश हसला, म्हणाला तुमची मर्जी. चुकलं ते इथंच, पण तेव्हा कुणाला कळतंय?

चावी फिरवली, निळा दिवा लागला, मोबाइलवरचं गाणं लावलं आणि मांडणीवरची ताटं थडथड वाजली. पारूबाई भिंतीला टेकून खूप रडली. मग उठली, तवा ठेवला, आणि कित्येक दिवसांनी दूध घालून अर्धी भाकरी खाल्ली. धोंडिरामनं चावी काढून रत्नदीपच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, चावी खिळ्याला असतानाच निळा दिवा लागला. मोबाइल धोंडिरामच्या खिशात होता. स्पीकरमधून बारीक चीं असा आवाज यायला लागला, चढला, उतरला, परत चढला. धोंडिरामनं तो लगेच ओळखला. जीपमध्ये इंजिनाबरोबर हाच आवाज चढायचा, डायनामोचा. पण घरात कुठला डायनामो? लाइटीचा आवाज आला तर घूं असा एकसुरी येईल. हा तर गिअर टाकत चालला होता. पहिला. दुसरा. दुसरा भलताच ताणला, इंजिन रडकुंडीला आलं, आणि मग कुठं तिसरा पडला. ही खोड रत्नदीपची. त्यापायी धोंडिरामनं त्याला कमी शिव्या घातल्या होत्या का?

भुताखेतावर त्याचा विश्वास नव्हता. दाराची लिंबू-मिरची त्याच्या बापानंच तोडून फेकलेली. फॉल्ट असेल, म्हणून त्यानं मनाला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी तोच प्रकार, तिसऱ्याही. डोळे मिटून ऐकलं की रस्ता दिसायचा. गाडी वळसंगहून निघायची. बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉलीवर रत्नदीपची जीप आदळली होती, पहिल्या संध्याकाळी बरोबर तिथंच आवाज तुटला. दुसऱ्या संध्याकाळी तिथून पुढं आला. मग वाटेतल्या कुंभारीचे स्पीडब्रेकर आले, गिअर उतरले, चढले. मधेच दार आपटल्याचा आवाज यायचा. गाडी रोज थोडी थोडी घराजवळ येत होती.

आणि पारूबाई? तिला जणू माहेरचं बोलावणं आलं होतं. डोक्याला तेल लावून केस विंचरले, ठेवणीतलं लुगडं नेसली, उंबऱ्याजवळ चपला नीट मांडून ठेवल्या. जेवण मात्र पुन्हा सोडलं. धोंडिरामनं विचारलं, कुठं निघालीस?

"रत्ना पुढची सीट माझ्यासाठी राखून ठेवतोय," ती म्हणाली. "ह्या खेपंला मी जाणार हाय."

हे ऐकून तो मुळापासून हादरला. सगळं उपटून उकिरड्यावर टाकावं म्हणून कितीदा उठला, पण हात वायरीला लागला की थिजायचा. आत पोरगा गाडी चालवत होता. वायर तोडायची म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारायचं. बापाला हे कसं जमावं? आणि नाही तोडली तर पारू जाणार.

शेवटी ती संध्याकाळ आली. आवाज कुंभारी सोडून शहरात शिरला, सिग्नलला थांबला, निघाला, दुसरा गिअर ताणत गल्लीकडं वळला. मांडणीवरची ताटं थरथरली. पारूबाई उठली, हसतमुखानं चपलेत पाय घालू लागली. धोंडिरामनं काळजावर दगड ठेवून सॉकेटमधली पिन उपसली.

निळा दिवा तसाच जळत राहिला. ताटं आणखी जोरानं वाजली. पिन हातात धरून म्हातारा उभा, आणि बायको कडीला हात घालत होती.

"पारू," तो म्हणाला, "ताटं वाजली की. तवा कोन ठेवणार? पोरगं उपाशी येतंय."

पारूबाई थबकली. जन्माची सवय ती. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि चुलीकडं वळली. धोंडिरामनं खिळ्यावरची चावी घेतली, बाहेर आला आणि दाराला बाहेरून कडी घातली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गाडीही दिसत नव्हती. पण पायांवर इंजिनाची ऊब लागत होती आणि नाकात डिझेलचा वास भरला होता. पुढचं दार करकरत उघडल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. परत आत जावं असं त्याला फार वाटलं, खोटं कशाला बोला. तरी तो त्या उघड्या दाराकडं न जाता गाडीच्या तोंडाला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेला आणि हात लांब केला. हाताला गार पत्रा लागला.

"आई येत न्हाय," तो म्हणाला. "तिला अजून जगायचंय. तू सरक तिकडं. गाडी मी चालवतो."

सीटची स्प्रिंग कुरकुरली, कुणीतरी बाजूला सरकलं. धोंडिराम चढून स्टेअरिंगवर बसला.

घरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला होता. तो नीट ऐकून घेतला, आणि मग धोंडिरामनं चावी फिरवली.