समोर निरोप गेला नाही

मित्रांनो, मी मानी नावाच्या दूरच्या मुलखातल्या खडकाळ किनाऱ्यावरचा एक जुना बुरूज आहे. माथा उडालेला, पोटात शेळ्या बांधलेल्या. आज माझी कोणी विचारपूस करत नाही, पण एके काळी पंचक्रोशीत माझा दरारा होता.

याकूमिस नावाच्या गृहस्थाने मला बांधले ते चाच्यांच्या भीतीने. बंदुकीसाठी भिंतीत जंग्या, म्हणजे अरुंद भोके, ठेवल्या, त्यातली एक नेमकी शेजारच्या लिआकोसच्या दाराकडे उघडत होती. याकूमिसच्या मनात काही नव्हते, भिंतच तशी वळली होती. पण लिआकोसला झोप लागेना. त्याने समोर आपला बुरूज उभारला, माझ्याहून उंच. आता याकूमिसची झोप उडाली, कारण तेवढ्या उंचीवरून आमचे छप्पर दगडांनी फोडता आले असते. त्याने माझ्यावर मजला चढवला. मग लिआकोसने. मग पुन्हा आम्ही. दोघांचेही म्हणणे एकच, "मला काही भांडायचं नाही, पण त्याचा काय भरवसा?"

शेवटी याकूमिसने मोडक्या गलबतावरची तोफ माझ्या माथ्यावर आणून बसवली. लिआकोसनेही आणली. त्यानंतर बरीच वर्षे कोणी गोळी झाडली नाही. "हे दोन राक्षस आहेत म्हणून गावात शांतता आहे," असे म्हणत लोक मला थोपटत, आणि मीही मूर्खासारखा फुगत असे. खरे तर दोन्ही माथ्यांवर माणूस पेटती बत्ती आणि भरलेली बंदूक घेऊन बसलेला असायचा. कोणी जोरात खोकले तरी समोरच्याचे बोट चापावर जायचे. असली ती शांतता!

मग याकूमिसची सून बाळंत झाली. मुलगा झाला. आमच्याकडे मुलाला बंदूकच म्हणतात, आणि घरात नवी बंदूक आली की बुरुजावरून बार काढतात. बाळाचा बाप निकितास बंदूक भरून वर धावला. याकूमिसची बायको किरियाकू जिन्यातच आडवी आली.

"थांब रे! आधी मी समोर सांगून येते. बाईमाणसाला कोणी गोळी घालत नाही."

"त्या लिआकोसला विचारून नातवाचं कौतुक करू होय?" याकूमिस खालून गरजला. "गावात तोंड कसं दाखवायचं मग?"

"तोंड शिल्लक राहिलं तर दाखवाल ना!"

निकितास हसला, आईला बाजूला सारून वर गेला आणि त्याने आकाशात बार काढले. समोरच्या पहारेकऱ्याला धूर दिसला, गोळ्या कुठे गेल्या ते दिसले नाही. त्याची गोळी निकितासच्या गळ्यातून आरपार गेली. रक्त पायऱ्यांवरून ओघळत बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आले. याकूमिसने मुलाचे प्रेत ओलांडले आणि तोफेला बत्ती दिली. समोरच्या तोफेनेही तोंड उघडले. माझा माथा कोसळला, त्याखाली याकूमिस चिरडला. समोरचा बुरूज तर मधोमध फुटला. लिआकोस आणि त्याचे मुलगे दगडांखाली हाडे मोडून मेले. त्यांच्या किंकाळ्या बराच वेळ ऐकू येत होत्या, मग त्याही थांबल्या.

धूर बसल्यावर किरियाकू एकटीच पलीकडे गेली. लिआकोसची बायको लिगेरी रक्ताळलेल्या बोटांनी ढिगारा उकरत होती. किरियाकू तिच्याशेजारी बसली आणि तीही दगड उचलू लागली.

"काय केलं होतं गं आम्ही?" लिगेरीने मान वर न करता विचारले. "का झाडल्या गोळ्या?"

"नातू झाला म्हणून."

लिगेरीचे हात थांबले.

"अगं, मग एक हाक मारायचीस. मी मध घेऊन आले असते."

मित्रांनो, तुमच्याकडेही असे बुरूज असतील, आणि त्यांच्या उंचीचे कौतुक करणारी शहाणी माणसेही असतील. माझी डागडुजी कोणी केली नाही तरी चालेल, पण कृपा करून आणखी मजले चढवू नका. आणि समोर धूर दिसलाच, तर आधी कोणाला तरी पलीकडे पाठवा. काय झाले ते विचारा. मला हात असते, तर हे सांगताना मी ते जोडले असते.