हॅलोदादांचा माईक

मी माईक बोलतोय. हसू नका. आजवर माझ्यातून शेकडो माणसं बोलली, पण मी स्वतः तोंड उघडतोय ते पहिल्यांदाच. आणि तेही का, तर माझ्या डोक्याचा पार गोंधळ उडालाय म्हणून.

कारखान्यात मला जाळीदार डोकं बसवलं आणि एकच काम शिकवलं: बारीक आवाज उचलायचा आणि मोठा करून लोकांपर्यंत पोचवायचा. तिथून मला आणलं हॅलोदादांनी. कार्यक्रमाआधी माझ्यासमोर ‘हॅलो, हॅलो’ करत बसतात, म्हणून सगळे त्यांना हॅलोदादाच म्हणतात. कार्यक्रम संपला की मला मऊ फडक्यानं पुसतात आणि अलगद पेटीत ठेवतात; वायर नाही मला, त्यामुळे गुंताही नाही. असा मालक मिळायला नशीब लागतं.

आमच्या सभागृहात सतत कसला ना कसला जागतिक दिन असतो. कधी नृत्याचा, कधी पुस्तकांचा, कधी हृदयाचा, कधी हात धुण्याचा. अध्यक्ष मात्र तेच आणि त्यांचं भाषणही जवळजवळ तेच. एकदा गोंगाटाविरुद्धचा दिन होता. गोंगाटानं माणसाचं कसं वाटोळं होतं, हे पाहुण्यांनी माझ्यात तोंड खुपसून ओरडून सांगितलं आणि वर दादांना म्हणाले, “आवाज अजून वाढवा!” पुढे संगीत दिन आला, तेव्हा आवाज म्हणजे अमृत. आता मी विष पसरवतो की अमृत? एकदाचं काय ते ठरवा बुवा.

त्यात दादाही बदलले. दर कार्यक्रमाला आवाज थोडा जास्तच ठेवायला लागले. “जरा कमी करा हो!” असं मागून कुणी ओरडलं की हसून मान डोलवायचे आणि बटण होतं तिथेच राहायचं. मला वाटायचं, उत्साही माणूस आहे, चालायचंच.

आज श्रवण दिन होता. शेजारच्या खोलीत कानांची मोफत तपासणी आणि सभागृहात भाषणं. दादांची कॉलेजात जाणारी मुलगी मदतीला आली होती. डॉक्टरबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मी किंचाळलो. मुद्दाम नाही हो! आवाज फार वाढवला की माझी शिट्टी वाजतेच. सगळ्या सभागृहानं कानांवर हात ठेवले. दादा माझ्या अगदी शेजारी उभे होते आणि कौतुकानं डॉक्टरबाईंकडे बघत होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडतोय आणि हा माणूस हसतोय! मला फार वाईट वाटलं. माझं काही चुकलं होतं का?

मुलगी धावत आली. तिनं आवाज खाली आणला, मला बंद करून स्टँडवरून काढलं आणि दादांना हाताला धरून बाहेर नेलं.

“बाबा, शिट्टी ऐकू आली नाही तुम्हाला?”

“कसली शिट्टी?”

“चला. आत्ताच्या आत्ता कान दाखवून घेऊ.”

“वेडी आहेस का? माईकवाल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर उद्या कोण बोलावणार मला?”

“आणि मी हाका मारते त्याचं काय? तुम्ही ओ देत नाही. मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय.” तिला रडू फुटलं.

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मुकाट्यानं तिच्यामागे निघाले.

गडबडीत मी तिच्या हातातच राहिलो. तपासणीच्या खोलीत सिस्टरनं दादांना खुर्चीवर बसवलं. “मी मागून हळूच एकेक शब्द म्हणेन. तुम्ही फक्त तो परत म्हणायचा,” असं समोर उभं राहून मोठ्यानं समजावलं. मुलीला बजावलं, “तुम्ही मध्ये काही सांगायचं नाही हं.” मग ती दादांच्या मागे गेली.

“पाणी,” ती म्हणाली. मला स्वच्छ ऐकू आलं.

“खुर्ची.”

“सकाळ.”

दादा परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. मुलीची माझ्यावरची मूठ घट्ट होत गेली. मला काही कळेना. बारीक आवाज माणसापर्यंत पोचवायचा, एवढंच तर मला येतं. मग नेमकी इथेच मला बंदी का? ताई, दाबा ना ते बटण. मी सांगतो त्यांना.

दादांनी आणखी जरा वाट पाहिली. मग मान न वळवता, अगदी अदबीनं म्हणाले,

“मी तयार आहे, सिस्टर. करा की सुरू.”