पुंजाची पडवी

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर राखी साळवे नर्स होती. दवाखान्याचा स्लॅब कोसळल्यापासून ती गरोदर बायांना शाळेच्या व्हरांड्यात साडीचा आडोसा करून तपासायची. विटांची इमारत बांधायची, तर डोंगरात पावसाळ्याआधी ती उभी राहणं शक्य नव्हतं. म्हणून सिन्नरच्या एका कारखान्यात दारं, खिडक्या, वायरिंगसकट तयार झालेला दवाखाना दोन भागांत ट्रेलरवरून यायचा ठरला. पाड्यानं चौथरा आधीच बांधून ठेवला.

पहिला भाग नीट पोचला. दुसरा जरा जास्त रुंद होता. तो पाड्यावरच्या पुंजाच्या घराजवळच्या वळणावर अडकला. आडवी येत होती पुंजाची पडवी.

कारखान्याची इंजिनिअर मोहिनी ट्रेलरमधून खाली उतरली. तिनं रस्ता मोजला होता, पण पडवीचं पुढे आलेलं छप्पर तिच्या लक्षात आलं नव्हतं. पडवीत पुंजाची आई, नवसाबाई, खाटेवर पडून होती. तिचे पाय चालत नव्हते.

"पडवी काढावी लागेल, भाऊ," मोहिनी म्हणाली.

पुंजा भडकला. "इटा असत्या तर डोक्यावरून वाहून नेल्या असत्या! तुमची खोली तयार, म्हणून माझं घर मोडायचं?"

"चूक माझीच आहे. पण या खोलीचे तुकडे होत नाहीत, अख्खीच न्यावी लागते. ती चौथऱ्यावर चढवणारी क्रेन संध्याकाळी दुसऱ्या कामावर जाणार. आज जोडलं नाही, तर अर्धा दवाखाना पावसात उघडा पडेल."

"आन् माझी आई कुठं पडंल?"

खाटेवरून नवसाबाईच बोलली, "काढ रं पोरा. सिस्टर त्या व्हरांड्यात पोरींना तपासती, लोकं वाकून बघत्यात. लय वाईट वाटतं."

पुंजा छपरावर चढला. नवसाबाईची खाट घरात मावत नव्हती, म्हणून ती झाडाखाली ठेवून गावातल्या चौघांनी हात लावला. कौलं उतरली, खांब निघाले, आणि ट्रेलर भिंतीला जवळजवळ घासत पुढे गेला.

दुपारभर क्रेनचं काम चाललं. एक कोपरा बसेना. तो पुन्हा उचलून बसवला. क्रेन गेली तेव्हा दिवस मावळत होता. पडवी उभी करायला आता उजेड नव्हता. पुंजा नव्या दवाखान्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

राखी म्हणाली, "आजींना इकडे आणा. पलंग आहे, पंखा आहे."

चौघांनी खाट उचलली. नव्या दवाखान्यात पहिली झोपली ती नवसाबाई. तिनं भिंतीवर बोटांनी वाजवून पाहिलं. "पोकळ वाजती गं. खिळा ठोकला तर?"

"खिळा ठोकायचा नाही, आजी," मोहिनी म्हणाली. "काही टांगायचं असेल तर आम्ही आकडे लावून देऊ."

"मग घर कसलं हे?" म्हातारी हसली. मग पंख्याकडे बघत म्हणाली, "पर गार हाय."

मोहिनी परत गेली नाही. सकाळी ती पुंजाबरोबर खांब धरून उभी होती. कौलं चढली आणि नवसाबाईची खाट परत पडवीत आली. मग पुंजानं मोहिनीला चहा दिला आणि विचारलं, "दुसऱ्या गावालाबी असंच नेणार का?"

"हो. आता मात्र पडव्याही मोजेन."

तिकडे दवाखान्याच्या पायरीवर दोन गरोदर बाया चपला काढून उभ्या होत्या. राखीनं त्यांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं.