आकारामच्या नावचं मासिक

लढाई संपून वर्ष उलटलं, त्या साली इस्लामपूरजवळच्या त्या गावात वाचनालय निघालं. चावडीशेजारची धान्याची खोली रिकामी करून सारवली, दोन बाकं आणली, भिंतीला फळ्या ठोकल्या. वर्तमानपत्र गावच्या वर्गणीतून यायचं ठरलं. मासिकं मात्र ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या नावानं द्यावीत, अशी टूम चिटणीस आप्पासोंनी काढली. कुणी वडिलांच्या नावानं शेतीचं मासिक दिलं. ज्याची पोरं शाळेत जात होती त्यानं गोष्टींचं दिलं. मग आप्पासो केरबा हवालदाराच्या दारी आले आणि म्हणाले, आकारामच्या नावानं एक मासिक पाहिजे, त्याच्याशिवाय फळी शोभायची नाही.

केरबानं विचार करायला वेळ घेतला नाही. तालमीचं, असं तो म्हणाला. आकाराम त्याचा एकुलता मुलगा. दोन्ही लढायांत या घरातला माणूस पलटणीत होता. पहिलीत केरबा, दुसरीत आकाराम. केरबा परत आला, आकाराम इटलीत राहिला. छातीला गोळी लागून तो चार-पाच महिने तिथल्या लष्करी इस्पितळात होता आणि तिथंच गेला. गावात तो तालमीतला पोरगा म्हणून सगळ्यांना ठाऊक होता. केरबानं स्वतः त्याला पहाटे उठवून आखाड्यात नेलं होतं. त्याच्या नावाला दुसरं काय शोभणार?

बनुबाई, त्याची बायको, चुलीपुढून एवढंच म्हणाली, "मासिक सांगलीत बशीरच्या दुकानातनं आना. त्यो शेवटाला आपल्या पोराजवळ हुता."

बशीर हा सांगलीचा, त्याच पलटणीतला. इस्पितळात आकारामच्या शेजारच्या खाटेवर तो होता. एक पाय गमावून तो परत आला आणि बापाच्या, चांदसाहेबांच्या, पुस्तकांच्या दुकानात बसू लागला. आल्या आल्या त्यानं निरोप धाडला होता, की आकारामच्या तात्यांनी एकदा येऊन जावं. केरबा गेला नव्हता. उसाची लावण आहे, बैल आजारी आहे, असं काहीतरी सांगत त्यानं ते लांबणीवर टाकलं. पोरगा मर्दासारखा गेला, हे पलटणीच्या साहेबानं कळवलं होतं. त्याच्यापलीकडचं ऐकायची त्याला छाती होत नव्हती. पण आता मासिकाचं निमित्त झालं. डोक्याला धुतलेला फेटा बांधून तो सकाळच्या सर्व्हिस मोटारीत बसला.

दुकान रस्त्याला लागूनच होतं. दारात दोरीवर मासिकं वाळत घातल्यासारखी टांगली होती. सिनेमाची, शब्दकोड्यांची, घरगुती औषधांची. चांदसाहेब गिऱ्हाइकाला काहीतरी काढून देत होते. बशीर आत खुर्चीवर बसला होता. केरबानं नाव सांगताच तो काठी धरून उठला, खाली वाकायला लागला, तेव्हा केरबानं त्याचे खांदे धरून त्याला बसवलं. चांदसाहेबांनी चहा सांगितला आणि ते बाहेरच्या फळीवर जाऊन बसले.

मग केरबानं आपलं काम सांगितलं. वाचनालय, फळी, आकारामचं नाव. तालमीचं चांगलं मासिक कोणतं ते दे.

बशीरनं हात लांब करून तालमीचं मासिक काढलं. वर पिळदार अंगाच्या पैलवानाचं चित्र होतं. त्यानं ते केरबाच्या हातात दिलं नाही, मांडीवरच ठेवलं. मग तो इस्पितळातलं सांगू लागला.

तिथं महिन्या-दोन महिन्यांनी मासिकांचा गठ्ठा यायचा. पुण्याकडच्या कुणी बायका जवानांसाठी गोळा करून पाठवायच्या. गठ्ठा सुटला की खाटाखाटांवरून हात पुढं यायचे. कोण सिनेमाचं ओढायचा, कोण शेतीचं. ज्याला वाचता येत नव्हतं तोही चित्रांचं मागून घ्यायचा. तालमीच्या मासिकावरून तर भांडणं लागायची. आकारामला ते आधी मिळावं म्हणून सगळे बाजूला व्हायचे, कारण तो पैलवान होता. तो ते न उघडता दुसऱ्याला द्यायचा आणि गठ्ठ्यात तळाला उरलेलं बायकांचं मासिक घ्यायचा.

"त्यात विणकाम असायचं, तात्या," बशीर म्हणाला. "एका नर्सबाईनं त्याला टाके घालायला शिकवलं. पुढचं त्यो वाचून वाचून शिकला."

केरबाला नीट कळलं नाही. कसलं विणकाम, असं त्यानं विचारलं.

बशीरनं पायजमा वर केला. गुडघ्याखाली पाय नव्हता, लाकडी पायाचे पट्टे होते. ते त्यानं सोडले. उरलेल्या खुंटावर खाकी लोकरीचा, बिनपंजाचा मोजा होता. टोकाला निमुळता, शिवण कुठंच नाही. लाकडी पाय लावायला लागल्यावर खुंट सोलवटून निघायचा, रक्त यायचं. सरकारी मोजे यायचे ते जाड, शिवणीचे. ते आणखी काचायचे. तेव्हा आकारामनं एक जुना लष्करी स्वेटर उसवला, सायकलच्या तारा घासून त्याच्या सुया केल्या, आणि मासिकातल्या लहान मुलाच्या टोपड्याच्या कृतीत फेरफार करून हा मोजा विणला. नंतर वॉर्डातल्या दुसऱ्यांनाही करून दिले. सुरुवातीला पोरं हसली. मग हसली नाहीत. बसवत नव्हतं त्या दिवसांतही त्यानं उशीला टेकून काम केलं. शेवटचा अर्धा राहिला.

केरबा त्या मोज्याकडं बघत राहिला. त्याला प्रथम राग आला, कशाचा ते त्यालाच समजेना. आपल्या पोराची गोष्ट एक परका माणूस आपल्याला सांगतोय, आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही. पोरगं शेवटी काय करत होतं, तर बायकांचं मासिक वाचत होतं. त्यानं हात पुढं केला आणि बोटानं ती वीण चाचपली. टाके बारीक होते, एकासारखे एक.

"दुखत न्हाई न्हवं?" त्यानं विचारलं.

"ह्यो हाय तंवर न्हाई," बशीर म्हणाला. "बाकीचे झिजून गेले. ह्यो एकच ऱ्हायलाय. अम्मी धुती आन् वाळला की परत घालतो."

कोणतं मासिक देऊ, हे बशीरनं परत विचारलं नाही. बायकांचं मासिकही काढलं आणि दोन्ही पुढ्यात ठेवली. केरबानं बायकांचं उचललं. मुखपृष्ठावर पाळण्याजवळ बसलेली एक बाई होती. चारचौघांत ते हातात धरायचा त्याला संकोच वाटला, म्हणून उपरण्यात गुंडाळलं आणि मोटारीत मांडीवर धरून तो घरी आला.

घरी त्यानं बनुबाईला सगळं सांगितलं. मोज्याचं सांगताना तो अडखळला. ती रडेल असं त्याला वाटत होतं. ती नुसती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल असं काही दिसेना.

"तुला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"इनकामाचं न्हवतं ठावं," ती म्हणाली. "पर ल्हान हुता तवा माझ्याजवळ बसून वाकळ शिवायचा. टाका माझ्यापरीस चांगला पडायचा त्याचा. तुमी रजेवर आला की सुई ठिवून द्यायचा. नगं सांगू म्हनायचा."

केरबा उठून परड्यात गेला. अंधार पडेपर्यंत तो तिथंच गव्हाणीवर बसून राहिला. घरात एवढ्या वाकळा होत्या. थंडीत त्याच अंगावर घेऊन तो झोपला होता. कुठला टाका कुणाचा, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या पायरवानं पोरगा सुई ठेवून देत होता, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मासिक वाचनालयात नेऊन दिलं. आप्पासोंनी ते उलटून पालटून पाहिलं. बाकावरचे दोघं-तिघं हसले. आप्पासो भला माणूस. त्यांनी हळूच सांगितलं, की हवालदार, चूक झाली असंल तर बदलून आणू, पैलवानाच्या नावाला हे बरं दिसणार नाही, लोक हसतील.

"हसू द्या," केरबा म्हणाला. "माझ्या पोरानं हे वाचून तुटल्या पायाच्या मान्सांना मोजं इनलं. ज्याला हसायचं त्यानं सांगलीला जाऊन त्यो पाय बघून यावा."

मग बाकावर कुणी हसलं नाही. आप्पासोंनी मासिकावर आकारामचं नाव घातलं आणि ते फळीवर मधोमध ठेवलं.

पण ते तिथंच पडून राहिलं. चावडीपुढं पुरुष बसायचे, तिथं बाया येणार कशा? आणि पुरुष त्याला हात लावत नव्हते. दुसरा अंक आला, तोही कोरा करकरीत राहिला. केरबा रोज बघून यायचा. एक दिवस त्यानं दोन्ही अंक उचलले, आप्पासोंना सांगितलं की ज्यांचं आहे त्यांच्याकडं नेतो, आणि घरी आणले. बनुबाईला वाचता येत नव्हतं. आळीतल्या राहीबाईलाही नाही. केरबाचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बाळबोध अक्षर तो लावून लावून वाचायचा.

दुपारी सोप्यावर पाच-सहा बाया जमल्या. लोकर जतकडच्या धनगराची, खरबरीत. राहीबाईनं ती चातीवर बारीक कातून काढली. सुया बशीरनं पाठवल्या. पहिल्या दिवशी केरबा भिंतीकडं तोंड करून वाचू लागला. लाज वाटत होती म्हणून आवाज चढला, आणि परेडीवर हुकूम सोडावेत तसे शब्द बाहेर पडले: दोन सुलट, एक उलट. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांचं हसू त्याला लागलं नाही. चुकलं की तो पुन्हा मागची ओळ वाचायचा. काही दिवसांनी तो भिंतीकडून वळून बसला.

बनुबाईच्या सुयांवर अंकातल्या टोपड्याच्या कृतीवरून मोजा उतरत होता. दोनदा तिनं तो सगळा उसवला होता. बशीरच्या मापाचा करायचा म्हणून केरबानं स्वतःच्या नडगीवर दोरी गुंडाळून तिला अंदाज दाखवला होता. त्या दुपारी ती टोकाकडं आली. केरबानं पान जवळ धरलं आणि वाचलं, "आता प्रत्येक ओळीत टाके हळूहळू कमी करीत जावे."

तिथं तो थांबला. आकारामचा शेवटचा मोजा इथंवर आलाच नव्हता. बोट ओळीवर तसंच राहिलं. राहीबाईनं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. बाहेर कुणाची तरी गाडी गेली.

बनुबाईनं हातातलं काम थांबवलं नाही.

"वाचा फुडं," ती म्हणाली. "माझं टाकं कमी झालं."

त्यानं बोट खाली सरकवलं आणि पुढची ओळ वाचली.